इथिओपियाला जाताय? आधी घड्याळाचं बघा

सोनकी

गेल्या महिन्याभरात तिघांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून एकच विचारलं, "इथिओपियाला जायचंय, काय काय बघायचं?" काय बघायचं हे सांगणारे पुष्कळ आहेत. मला त्याच्या आधीचं सांगायचंय, म्हणून हा धागा काढते.

मी चार वर्षं उत्तर इथिओपियात, गोंदरला रसायनशास्त्र शिकवत होते. आपल्याकडून तिथे शिकवायला जाणं हे काही नवीन नाही. सम्राट हैले सेलासींच्या काळापासून भारतीय शिक्षक तिथल्या लहान लहान गावांतल्या शाळांतून शिकवत आलेत. साठी ओलांडलेला कुणी इथिओपियन भेटला तर विचारून बघा, गणिताचा किंवा इंग्रजीचा एखादा भारतीय मास्तर त्याच्या आठवणीत निघतोच. आपण 'हिंद' आहोत हे कळलं की चेहरे खुलतात, त्याचं अर्धं श्रेय या मास्तरांचं आणि अर्धं हिंदी सिनेमाचं.

पहिल्या महिन्यातली गोष्ट. मला बसने आदिस अबाबाला जायचं होतं. तिकीट देणारा म्हणाला, बारा वाजता. मी साडेअकराला सामान घेऊन स्टँडवर हजर. स्टँड रिकामा. बस पहाटेच गेलेली. कुणाला काय विचारावं ते सुचेना. कोलो, म्हणजे भाजलेलं धान्य, विकणाऱ्या एका आजींनी मला शेजारी बसवलं, ओंजळभर कोलो हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "अयझोश." बाईला म्हणताना अयझोश, पुरुषाला अयझोह. धीर धर, होईल सगळं नीट. अम्हारिकमधला मी शिकलेला हा पहिला शब्द.

तर घड्याळ. तिथे दिवस मध्यरात्री सुरू होत नाही, सूर्य उगवला की सुरू होतो. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. आपले आठ म्हणजे दोन. आपले सकाळचे सहा म्हणजे बारा, आणि संध्याकाळचे सहा म्हणजेही बारा. इथिओपिया विषुववृत्तापासून फार लांब नाही, त्यामुळे वर्षभर सूर्य साधारण सहाच्या सुमारास उगवतो आणि सहाच्याच सुमारास मावळतो. हा हिशेब तिथे अगदी चपखल बसतो. आपल्या पंचांगात घटी-पळं सूर्योदयापासूनच मोजतात, त्यामुळे आपल्याला तरी हे विचित्र वाटायचं कारण नाही.

विमानाची तिकिटं आणि मोठ्या हॉटेलांचे व्यवहार आपल्या घड्याळाप्रमाणे चालतात. बस, टॅक्सीवाला, चर्च, सरकारी कचेरी, जेवायला बोलावणारी मैत्रीण, हे सगळे त्यांच्या घड्याळाप्रमाणे. म्हणून वेळ ठरवताना दर वेळी विचारायचं, "हबेशा की फेरेंज?" हबेशा म्हणजे तिथले, फेरेंज म्हणजे परदेशी, आपल्या 'फिरंगी'चाच भाऊ. शिक्षित माणूस कधी कधी आपल्या सोयीसाठी मनातल्या मनात सहा तास मिळवून सांगतो आणि आपण परत सहा मिळवतो. तेव्हा नुसता आकडा घेऊ नका, सकाळ की दुपार तेही विचारा.

दुसरी गोष्ट कॅलेंडर. बारा महिने तीस-तीस दिवसांचे आणि तेरावा, पागुमे, पाच दिवसांचा. दर चौथ्या वर्षी सहा. नवं वर्ष ११ सप्टेंबरला लागतं, आपल्या लीप वर्षाच्या आदल्या वर्षी १२ ला. वर्षाचा आकडा आपल्यापेक्षा सात-आठने मागे: ११ सप्टेंबर २०२५ ला तिथे २०१८ साल लागलं. त्यांनी नवं सहस्रक साजरं केलं ते सप्टेंबर २००७ मध्ये. पावतीवर, परवान्यावर, औषधाच्या चिठ्ठीवर जुनं साल दिसलं तर दचकू नका.

नव्या वर्षाच्या सुमारास पावसाळा संपत आलेला असतो आणि डोंगर पिवळ्या फुलांनी भरतात. आदेय अबेबा म्हणतात त्या फुलांना. पहिल्यांदा बघितली तेव्हा मी गाडी थांबवायला लावली होती. सप्टेंबरात सह्याद्रीवर सोनकी फुलते, अगदी तसं दृश्य. माझा आयडी तेव्हापासूनचा.

बाकीचं विचाराल तसं लिहिते.

घाटवाट

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. ट्रेकवाल्यांसाठी माझी भर.

मी सिमियन पर्वतात पाच दिवस होतो, तिग्राईतलं युद्ध सुरू व्हायच्या आधीच्या वर्षी. आपल्याकडचे लोक 'आफ्रिका म्हणजे गरम' असं धरून सुती कपडे भरतात. आदिस अबाबाच समुद्रसपाटीपासून साधारण २३५० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १६४६. म्हणजे विमानातून उतरलात की कळसूबाईच्या माथ्यावरून आणखी सातशे मीटर वर आलात. पहिले दोन दिवस जिना चढताना धाप लागते, झोप मोडते. घाई करू नका, पाणी पीत राहा. सिमियनमधले मुक्काम तीन हजार मीटरच्या वर आहेत, रात्री पाणी गोठतं. चांगलं जाकीट आणि कानटोपी लागतेच.

उद्यानात बंदूकधारी स्काउट सोबत घ्यावा लागतो. आमचे स्काउट साठीच्या आसपासचे होते, पायात प्लास्टिकच्या चपला, आणि चढणीवर आमच्यातला एकही त्यांच्याबरोबर टिकला नाही. गेलाडा माकडांचे शंभर-शंभरचे कळप गवत उपटत बसलेले असतात, छातीवर लाल डाग, तुमच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.

अनुजा_ठाणे

सोनकीताई, अगदी वेळेवर धागा काढलात. माझ्या नवऱ्याची दोन वर्षांसाठी आदिसला बदली झालीय. मी आणि आई जानेवारीत दहा-बारा दिवस जाणार आहोत. आई ६७ वर्षांची, शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. "मी तिथे उपाशी मरेन" असं तिने आत्ताच जाहीर केलंय. तिथे सगळे मांसच खातात ना? कच्चंही खातात असं वाचलं. काय करावं?

सोनकी

अनुजा, आईंना सांग, आफ्रिकेतल्या ज्या देशांत शाकाहारी माणसाचं सगळ्यात चांगलं चालतं त्यात इथिओपिया आहे. कच्चं मांस खातात हे खरं. किटफो म्हणजे मसालेदार तुपात कालवलेला कच्चा खिमा, तेरे सिगा म्हणजे कच्च्या मांसाचे तुकडे. तो सणासुदीचा, मानाचा पदार्थ आहे. पण त्याच घरात वर्षातले निम्मे दिवस मांस शिजत नाही.

कारण उपवास. इथिओपियन ऑर्थोडॉक्स चर्चचे लोक बुधवारी आणि शुक्रवारी 'त्सोम' पाळतात. ईस्टरच्या आधीचा मोठा उपवास ५५ दिवसांचा, ख्रिसमसच्या आधी आणखी एक चाळीसेक दिवसांचा, ऑगस्टमध्ये मारियमचा वेगळा. सगळे मिळून सामान्य माणसाचे १८० च्या आसपास दिवस होतात, धर्मगुरूंचे त्याहून जास्त. त्सोममध्ये मांस, अंडी, दूध, लोणी, तूप काही चालत नाही. सगळं तेलावरचं. आपल्या साबुदाण्यासारखं वेगळं धान्य लागत नाही, तेच जेवण फक्त प्राणिज काही नसलेलं.

मागायचं असतं 'येत्सोम बेयायनेतु'. मोठ्या इन्जेरावर मसूर, वाटाणा, कोबी-बटाटा-गाजर, बीट, पालेभाजी, टोमॅटोची कोशिंबीर, अशा आठ-दहा गोष्टी छोट्या ढिगांनी वाढून येतात. इन्जेरा म्हणजे तेफ नावाच्या खसखशीएवढ्या धान्याच्या आंबवलेल्या पिठाचा मोठा, जाळीदार घावन. आंबोळी आवडत असेल तर आवडेल, फक्त आंबटपणा जास्त असतो. पहिल्या दिवशी नाही आवडला तर तिसऱ्या दिवशी आवडतो, हा माझा अनुभव.

आणि शिरो! नावावरून शिऱ्याची आठवण येईल, पण ते आहे पिठलं. भाजलेल्या हरभऱ्याचं मसालेदार पीठ, कांदा-लसूण, तेल, मातीच्या भांड्यात रटरटत समोर येतं. एकच सावधगिरी: 'बोझेना शिरो' म्हटलं की त्यात मांसाचे तुकडे असतात. मेन्यूत बोझेना दिसलं की टाळायचं. पाठ करून ठेवायचं वाक्य, "सिगा अल्बेलाम", म्हणजे मी मांस खात नाही.

तुम्ही जानेवारीच्या कोणत्या तारखांना जाताय? ख्रिसमस तिथे ७ जानेवारीला असतो, 'गेन्ना'. त्या दिवशी मोठा उपवास सुटतो आणि पुढे काही आठवडे फक्त बुधवार-शुक्रवार उरतात. इतर दिवशीही बऱ्याच ठिकाणी त्सोमचं ताट मिळतं, पण विचारावं लागतं. मसूर, शिरो तर रोजच.

अनुजा_ठाणे

१० ते २२ जानेवारी. पिठलं आहे म्हटल्यावर आईचा सूर बदललाय. :)

दवाखाना

वैद्यकीय बाजू लिहितो, कारण इथे लोक हमखास चुकतात.

पीतज्वराची लस. इथिओपिया भारत सरकारच्या पीतज्वर देशांच्या यादीत आहे. तिथून भारतात परतताना लशीचं प्रमाणपत्र, म्हणजे ते पिवळं पुस्तक, दाखवावं लागतं. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. अनेकांचा समज असतो की हा तिथे शिरतानाचा नियम आहे. खरी अडचण घरी परततानाच येते. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर वैध होतं. माझ्या ओळखीच्या एका जोडप्याने निघायच्या चार दिवस आधी धावपळ केली, केंद्रात त्या आठवड्याची वेळच मिळाली नाही आणि सहल पुढे ढकलावी लागली. महिनाभर आधी वेळ घ्या.

अनुजाताई, तुमच्या आईंचं वय साठच्या पुढे आहे. ही जिवंत विषाणूची लस असते. साठीनंतर पहिल्यांदाच घेताना, किंवा अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, तर आधी तुमच्या डॉक्टरांशी नीट बोलून घ्या. लस देता येणार नाही असं ठरलं तर परतताना काय होईल, हे निघण्यापूर्वीच विमानतळाच्या आरोग्य अधिकाऱ्यांना विचारा. नुसती चिठ्ठी पुरेल असं धरून चालू नका.

आदिस उंचावर असल्याने तिथे हिवताप नसतो. सखल भागात जाणार असाल, म्हणजे ओमो खोरं, गाम्बेला, अफार, दिरे दावा, तर हिवतापाच्या गोळ्यांबद्दल विचारा. नळाचं पाणी पिऊ नका. कच्च्या मांसाच्या मोहात पडू नका, टेपवर्म तिथे सर्रास आढळतो.

जुना_वाटाड्या

सगळं छान चाललंय, पण सुरक्षेचं कुणी लिहिलं नाही. नोव्हेंबर २०२० ते नोव्हेंबर २०२२ तिग्राईमध्ये युद्ध होतं. प्रिटोरियात करार झाला, पण २०२३ पासून अम्हारा भागात सशस्त्र संघर्ष सुरू आहे. ओरोमियाच्या काही भागांतही गोळीबार, अपहरणं होतात. लालिबेला, गोंदर, बाहिर दार, सिमियन हे सगळं अम्हारात येतं. जुने ब्लॉग वाचून रस्त्याने फिरायचे बेत करू नका.

सोनकी

दादा, हे लिहिलंत ते फार बरं झालं. हे मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. माझं गोंदर या सगळ्यातून गेलं. माझे विद्यार्थी तिथे आहेत, काहींचे फोन महिनोन्‌महिने लागत नव्हते, कारण इंटरनेट बंद होतं. त्यामुळे मला याबद्दल लिहायला जड जातं.

माझा सल्ला: बेत आदिस धरून करा आणि बाकीची ठिकाणं तिथे पोचल्यावर, त्या आठवड्याची परिस्थिती विचारून ठरवा. आदिसमधल्या भारतीय दूतावासाच्या सूचना बघा, तिथे नाव नोंदवा. लांबचा प्रवास विमानानेच, रस्त्याने नाही. संध्याकाळनंतर शहराबाहेर नाही. एखादा स्थानिक माणूस "आत्ता नको" म्हणाला तर तिकिटाचे पैसे गेले तरी जाऊ नका.

आणखी एक. राजकारण आणि जमात याबद्दल आपण होऊन काही विचारू नका. ऐंशीहून जास्त लोकसमूह आहेत त्या देशात. ओरोमो, अम्हारा, सोमाली, तिग्राई हे मोठे. "तू कोणत्या जमातीचा?" हा प्रश्न आपल्याला सहज वाटतो, पण गेल्या काही वर्षांत कित्येकांनी या एका प्रश्नाच्या उत्तरापायी घरातली माणसं गमावलीत. ते स्वतः बोलले तर ऐका.

तसंच १९८४-८५ च्या दुष्काळाचं. आपल्या पिढीला इथिओपिया म्हटलं की हाडांचे सापळे झालेली मुलं आठवतात. कृपा करून तिथे गेल्यावर ते बोलून दाखवू नका. चाळीस वर्षं ती माणसं जगभरात हेच ऐकतायत.

त्याऐवजी अदुआबद्दल विचारा. १ मार्च १८९६ ला सम्राट मेनेलिक दुसरे यांच्या सैन्याने अदुआच्या डोंगरात इटलीच्या फौजेचा पाडाव केला. कारण झाला होता १८८९ चा वुचालेचा तह. त्याचं सतरावं कलम अम्हारिकमध्ये म्हणत होतं की इथिओपिया परराष्ट्र व्यवहारासाठी इटलीची मदत घेऊ शकेल, आणि इटालियन प्रतीत लिहिलं होतं की घ्यावीच लागेल. एका क्रियापदाने देश मांडलिक होणार होता. सम्राज्ञी तायतू या तहाच्या कट्टर विरोधात होत्या आणि अदुआच्या मोहिमेत स्वतः फौज घेऊन गेल्या. पुढे १९३६ ते ४१ इटलीने देश व्यापला, पण तो पाच वर्षांचा कब्जा होता, वसाहत नव्हे, हे तिथला शाळकरी पोरगाही तुम्हाला ठणकावून सांगेल. आदिसला २०२४ मध्ये अदुआ विजयाचं मोठं स्मारक उघडलंय, ते जरूर बघा.

खडकीकर

सोनकीताई, माझा इथिओपियाशी संबंध घरबसल्या आहे. मी राहतो त्या शहराचा पाया एका इथिओपियन माणसाने घातला.

मलिक अंबर. जन्म साधारण १५४८ चा, इथिओपियातला. आईबापांनी ठेवलेलं नाव चापू असं सांगतात. गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात जात अहमदनगरच्या निजामशाहीत आला आणि पुढे त्याच निजामशाहीचा कर्ताधर्ता वजीर झाला. १६१० मध्ये त्याने खडकी गाव वसवलं, तेच नंतरचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. शहराला पाणी पुरवणारी नहर-ए-अंबरी त्याचीच. मुघलांना दख्खनमध्ये वर्षानुवर्षं रोखून धरलं, १६२४ मध्ये भातवडीला मुघल आणि आदिलशाही फौजांना एकत्र हरवलं. त्या लढाईत शहाजीराजे आणि त्यांचे बंधू शरीफजी निजामशाहीच्या बाजूने होते. शरीफजी तिथेच पडले. अंबर १६२६ मध्ये गेला, कबर खुलताबादला.

माझा प्रश्न असा, तिथल्या लोकांना हे माहीत आहे का? आणि 'हबशी' शब्द तिथे चालतो का?

सोनकी

खडकीकर, मी चौथ्या वर्षी वर्गात एकदा मलिक अंबरची गोष्ट सांगितली. तास रसायनशास्त्राचा होता, पण त्या दिवशी रसायन राहिलं बाजूला. बहुतेकांनी कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी एक मुलगा आपल्या वडिलांना घेऊन आला, "यांना परत सांगा" म्हणून. वडिलांनी शेवटी एवढंच विचारलं, "त्याची आई? तिला कळलं का कधी?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शब्दाचं म्हणाल तर 'हबेशा' हा तिथल्या उंच प्रदेशातले बरेच लोक स्वतःसाठी अभिमानाने वापरतात. ओरोमो, सोमाली आणि दक्षिणेकडचे कितीतरी लोक मात्र स्वतःला हबेशा म्हणवत नाहीत, म्हणून सरसकट वापरू नये. आपल्याकडे 'हबशी' काळ्या रंगावरून हिणवायला वापरतात ते मनातूनच काढून टाकावं. जंजिऱ्याच्या सिद्दींच्या मुलखाला आपले जुने लोक हबसाण म्हणायचे, तो मूळचा, साधा अर्थ.

लालिबेलाला जायची संधी मिळाली तर वेरूळ पाहिलेल्या माणसाला एक वेगळाच आनंद मिळेल. अकरा चर्चं, एकसंध खडकातून कोरलेली. सेंट जॉर्जचं चर्च, बेते गियोर्गिस, जमिनीच्या पातळीवरून बघितलं तर खाली खड्ड्यात क्रूसाच्या आकाराचं छत दिसतं. कैलास लेण्यासारखंच वरून खाली कोरत नेलेलं. कैलास आठव्या शतकातला, ही चर्चं राजा लालिबेलाच्या नावाशी जोडली जातात, म्हणजे बारावं-तेरावं शतक. दोहोंचा एकमेकांशी काही संबंध नाही, आणि म्हणूनच मला ते फार आवडतं. फरक एवढाच की कैलासात आता पूजा होत नाही. लालिबेलात पहाटे चारला पांढऱ्या शाली पांघरलेले लोक भिंतीला डोकं टेकवून प्रार्थना करत उभे असतात. चपला बाहेर काढायच्या, बायकांनी डोक्यावरून पांढरी 'नेतेला' घ्यायची. पाळीच्या दिवसांत बायका आत जात नाहीत, अंगणात थांबतात. पटो न पटो, तिथे तो नियम पाळतात. जाजमात पिसवा असतात, जाड मोजे घाला.

अनुजा_ठाणे

ताई, नवरा म्हणतो तिथे आडनावच नसतं. फॉर्ममध्ये गोंधळ होतो का?

सोनकी

होतो! तिथे स्वतःचं नाव, पुढे वडिलांचं, मग आजोबांचं. आडनाव नाही, आणि लग्नानंतर बाईचं नाव बदलत नाही. माझ्या फॉर्मवर नवऱ्याचं नाव मधे होतं, ते त्यांनी वडील म्हणून नोंदवलं आणि आमचं आडनाव झालं माझे आजोबा. निवासाचा परवाना काढताना लग्नाचा दाखला दाखवून दुरुस्त करावं लागलं. तुम्ही लग्नाचा दाखला जवळ ठेवा.

म्हणून माणसाला हाक पहिल्या नावानेच मारायची, नावाच्या आधी आदराचा शब्द: पुरुषाला 'आतो', लग्न झालेल्या बाईला 'वेइझेरो'. देशाच्या पंतप्रधानांनाही सगळे अबिय म्हणूनच ओळखतात. अहमद हे त्यांच्या वडिलांचं नाव. घरातल्या, शेजारातल्या वडीलधाऱ्या पुरुषांना 'गाशे'. आई वयाने मोठ्या, त्यांना लोक उठून जागा देतील, दोन्ही हातांनी वस्तू देतील.

बोलताना समोरचा मधेच एकदम श्वास आत ओढेल, दचकल्यासारखा. घाबरू नका. ते 'हो' आहे. आपण "हं, हं" म्हणतो ना, तेच.

लिपी बघून आईंना मजा वाटेल. प्रत्येक व्यंजनाची सात रूपं, ओळीने पाठ करतात: ह, हु, ही, हा, हे, ह्, हो. बाराखडीच. माझ्या शेजारची चार वर्षांची पोर अंगणात बसून मोठ्याने घोकायची तेव्हा मला आमची बालवाडी ऐकू यायची.

घाटवाट

पैशाचं लिहा कुणीतरी. माझी माहिती जुनी आहे.

जुना_वाटाड्या

चलन बिर. जुलै २०२४ मध्ये सरकारने बिरचा दर बाजारावर सोडला आणि काही आठवड्यांतच त्याची किंमत जवळपास निम्म्यावर आली. त्याआधीच्या कुठल्याही ब्लॉगमधल्या किमती आता उपयोगाच्या नाहीत. डॉलर न्यायचे, स्वच्छ आणि नव्या नोटा, आणि बँकेतच बदलायचे. रस्त्यावर बदलणं बेकायदा आहे. आपलं यूपीआय तिथे नाही. स्थानिक लोक तेलेबिर वापरतात. मोठ्या हॉटेलांबाहेर कार्डावर विसंबू नका. ड्रोन परवानगीशिवाय नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. लष्कर, पोलीस, सरकारी इमारती, धरणं यांचे फोटो नाहीत. ओमो खोऱ्यात माणसांचे फोटो काढले की पैसे मागतात, तो त्यांचा हक्क समजा आणि आधी ठरवून घ्या.

सोनकी

निघण्यापूर्वी शेवटचं, कॉफी.

कुणी "बुन्ना प्यायला या" म्हटलं तर हातात दीड-दोन तास असू द्या. जमिनीवर हिरवं गवत पसरतात, ऊद जाळतात, कच्च्या बिया समोर धुऊन तव्यावर भाजतात. धुराचा तवा प्रत्येकासमोर फिरवतात, तेव्हा हाताने धूर स्वतःकडे ओढून वास घ्यायचा. मग कुटून 'जेबेना' या मातीच्या सुरईत उकळतात. बरोबर लाह्या. तीन फेऱ्या होतात: अबोल, तोना, बराका. तिसरी म्हणजे आशीर्वाद, ती न पिता उठू नये. साखर भरपूर घालतात, नको असेल तर "याले सुक्वार" म्हणा. काही घरांत 'तेना अदाम'ची काडी कपात बुडवतात. पहिल्यांदा वास आला आणि मला आजी आठवली. आपली सताप! ती आम्हाला लहानपणी सतापाचा पाला हुंगायला द्यायची.

आणि जेवताना यजमान इन्जेराचा मोठा घास गुंडाळून थेट तुमच्या तोंडाशी आणतील. त्याला 'गुर्शा' म्हणतात. मान वळवू नका. आपण बाळाला भरवतो, लग्नात नवरा-नवरी एकमेकांना भरवतात, तसंच ते, फक्त तिथे पाहुण्यालाही भरवतात.

अनुजा_ठाणे

(२६ जानेवारी)

परतलो! आईला डॉक्टरांनी तपासून लस दिली होती, पिवळं पुस्तक मुंबईला खरंच तपासलं.

दिरे दावापर्यंत विमान आणि तिथून हरार, एवढंच केलं. लालिबेला नाही. नवऱ्याच्या कचेरीतले लोक म्हणाले "आत्ता नको", आणि आम्ही ऐकलं. हरारच्या तटबंदीतल्या रंगीत गल्ल्यांत आई तासभर हिंडली. रात्री तटाबाहेर तरसांना मांस भरवणारा माणूस बघितला. आई गाडीतच बसून राहिली, पण काच खाली करून.

१९ ला आदिसमध्ये तिम्कत, म्हणजे ख्रिस्ताच्या बाप्तिस्म्याचा सण होता. जान मेदाच्या मैदानावर पांढऱ्या कपड्यांतली अलोट गर्दी, धर्मगुरूंच्या डोक्यावर जरीच्या कापडात गुंडाळलेले ताबोत (चर्चमधल्या पवित्र पाट्या), मग मंत्रवलेलं पाणी सगळ्यांवर उडवतात. आई भिजली आणि म्हणाली, कुंभाला गेले नाही, पण हे झालं.

घरमालकीणबाईंनी बुन्नाला बोलावलं. तिन्ही फेऱ्या झाल्या. जेवताना त्यांनी आईला गुर्शा दिला, तर आईने शिरोचा घास करून त्यांना परत भरवला. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. त्यानंतर रोज संध्याकाळी आई त्यांच्याकडे जाऊन बसायची.

शेवटच्या दिवशी टॅक्सीवाला म्हणाला, "हुलेत से-आत", म्हणजे दोन वाजता. मी बोटं मोजत होते, तोवर आई म्हणाली, "आठ."

ताई, स्टँडवरच्या आजींचा कोलो आम्हीही खाल्ला. तो घरी कसा करायचा? आई रोज विचारतेय.

सोनकी

आईंना माझा नमस्कार सांग. वाचताना डोळे भरून आले.

कोलो सोपा आहे. सोललेले जव, म्हणजे आपले सातूचे दाणे, धुऊन सुती कापडावर पुरते कोरडे करायचे. लोखंडी कढईत मंद आचेवर, सतत हलवत, बदामी होऊन तडतडायला लागेपर्यंत भाजायचे. शेंगदाणे वेगळे भाजून मिसळायचे. तिथे 'सुफ' घालतात, ती आपली करडई. सोलापूरकडे सहज मिळेल, ठाण्यात नाही मिळाली तर राहू दे. मीठ भाजताना नाही, खाली उतरवल्यावर, किंचित पाण्यात विरघळवून शिंपडायचं आणि गरम कढईतच दोन मिनिटं परतायचं. डब्यात भरलं की पंधरा दिवस टिकतं.